बाथटबमधलं कातडं

गावच्या एसटी स्टँडवर आमची गाडी लागली, तेव्हा आबा गाडीपासून दहा पावलं लांब, रसवंतीच्या पत्र्याला टेकून उभे होते. आई रडत होती, भाऊ माझी ट्रंक टपावर चढवत होता, अख्खी आळी खिडकीशी गोळा झाली होती. आबा मात्र तिथंच. सकाळी त्यांनी शिकेकाईनं दोनदा हात धुतले होते, वर लिंबू चोळलं होतं. तरी त्यांना वाटत होतं की हाताला वास येतोय आणि तो माझ्या नव्या साडीला लागून विमानात बसेल. शेवटी मीच खाली उतरून त्यांच्याकडे गेले. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तिकडं बाप काय करतो म्हणून कुणी इचारलं, तर शेती सांग."

आमच्याकडे शेती नव्हती. आबा हलगी मढवायचे. हलगी, डफ, ताशा, जे येईल ते. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आज्जानं, विहिरीवरच्या मोटा आणि पाण्याच्या पखाली, म्हणजे कातड्याच्या पिशव्या, शिवल्या. इंजिन आलं, नळ आले, मोटा-पखाली गेल्या, आणि आबांच्या वाट्याला फक्त वाद्यं उरली. गावात लग्न असो की जत्रा, आमच्या हलगीशिवाय पान हलायचं नाही, आणि मढवलेली हलगी न्यायला येणारा माणूस आमच्या अंगणात पाणी प्यायचा नाही. हे सगळं तुम्हाला, मागे राहिलेल्यांना, माहीत आहे. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांच्यासाठी लिहिते आहे, कारण आपण सगळ्यांनीच कुणाला ना कुणाला "शेती" सांगितलेली आहे.

ही त्र्याण्णव सालची गोष्ट. आमचे हे अबुधाबीत एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत स्टोअरकीपर होते. आमच्याच समाजातले, त्यांच्या घरातले पहिले ग्रॅज्युएट. मी पोचले त्याच आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी मंडळींकडे चहाला गेलो. तिथं कुणीतरी माझ्या माहेरची चौकशी केली. मी "शेती" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "सासऱ्यांचा म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्सचा बिझनेस आहे." सगळ्या बायका "अरे वा!" म्हणाल्या. एकीनं तर सतारीची किंमत विचारली. घरी आल्यावर मी हसून हसून लोळले. खोटं म्हणावं तर एक शब्द खोटा नव्हता. हे मात्र हसले नाहीत. म्हणाले, "इथं कुणाला आपलं काही माहीत नाही. ते तसंच राहू दे. स्नेहाला तरी सुटू दे ह्यातनं." स्नेहा म्हणजे आमची मुलगी, तेव्हा अडीच वर्षांची. तिच्यासाठी म्हटल्यावर मी गप्प बसले आणि पुढची चार वर्षं गप्पच होते.

स्नेहा शाळेत जायला लागली तशी मी तिच्याच शाळेच्या बसवर अटेंडंट म्हणून लागले. मुलांना चढवायचं, उतरवायचं, मोजायचं आणि कोण कुणाच्या डब्यातलं खातंय ते बघायचं. ड्रायव्हर होते मुराद चाचा. वय साठीच्या आसपास, पांढरी दाढी, मूळचे समुद्रापलीकडच्या इराणच्या किनाऱ्यावरचे. लहानपणी बापाबरोबर लाँचमधून आले आणि इथलेच झाले. आयुष्यभर हिंदी लोकांबरोबर गाडी चालवल्यामुळे हिंदी अशी बोलायचे की माझीच सुधारली. मुलं चढायला उशीर करायची तेव्हा "यल्ला, यल्ला" करून ओरडायचे, आणि शेवटचं मूल चढलं की स्वतःशीच "खलास" म्हणून गिअर टाकायचे.

त्यांच्या सीटमागे एक पिशवी असायची, जुन्या चादरीत गुंडाळलेली. मी कधी विचारलं नव्हतं. एका दुपारी मुलांना सोडून झाल्यावर समुद्राकाठी बस थांबवून त्यांनी ती उघडली. बकरीचं अख्खं कातडं, पोट न फाडता काढलेलं. मान आणि मागचा भाग बांधून टाकलेला. पुढच्या एका पायात फुंकायची नळी, दुसऱ्या पायात बोरूच्या दोन जोडनळ्या, त्यांना भोकं. चाचांनी दोनचारदा फुंकून ती पिशवी फुगवली, काखेत घेतली, कोपरानं दाबली आणि वाजवायला लागले.

त्या वाद्याला हबान म्हणतात. आपल्या सनईसारखाच आवाज, पण सनईत माणसाचा दम लागलेला ऐकू येतो, गाल फुगलेले दिसतात. इथं दम पिशवीत साठवलेला. त्यामुळे सूर कुठंच तुटत नाही आणि वाजवणारा मोकळा राहतो. चाचा वाजवता वाजवता नळी तोंडातून काढून माझ्याशी दोन शब्द बोलले, हसले, पायानं ताल धरला आणि सूर आपला चालूच. चाल म्हणाल तर चारपाच सुरांचीच, फिरून फिरून तिथंच येणारी, पण दर फेऱ्याला थोडी पुढं सरकणारी. दहाव्या फेऱ्याला माझे खांदे हलायला लागले. आमच्याकडे हलगी घुमायला लागली की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची, तसंच. स्नेहानं कानावर हात ठेवले होते. "मम्मी, इट्स सो लाउड!" म्हणाली. पण पाय तिचेही हलत होते.

मग चाचा दुपारची बस रिकामी झाली की अधूनमधून वाजवायचे. शनिवार ते बुधवार बस, सुट्टीच्या गुरुवार-शुक्रवारी लग्नं, असा त्यांचा आठवडा होता. लग्नात हबानवाला मधे, दोन्ही बाजूंना ढोलवाले, आणि पुरुषांच्या रांगा समोरासमोर नाचत येतात असं ते सांगायचे. मला ते बघायला मिळणं शक्य नव्हतं, पण त्यांच्या सांगण्यातून मला सगळं दिसायचं. त्या परक्या सुरानं मला गावाची जेवढी आठवण आली तेवढी इथल्या मराठी मंडळाच्या कुठल्या भावगीताच्या कार्यक्रमात आली नव्हती. भावगीतं आमच्या घरात कधी नव्हतीच.

एक दिवस बघते तर चाचा कातड्याला पंक्चरचं सोल्युशन लावून सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवतायत. माझ्या तोंडातून निघून गेलं, "चाचा, ये क्या कर रहे हो? मुझे दो. मेरे अब्बा का यही काम है."

चार वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य मी मोठ्यानं म्हटलं होतं. चाचांनी काही विचारलं नाही की वेगळं बघितलं नाही. खुश होऊन कातडं माझ्या हातात दिलं. कुठल्या मुलीनं "माझे वडील डॉक्टर आहेत" म्हणावं आणि समोरच्यानं लगेच तपासायला जीभ दाखवावी, इतक्या सहज. मला इतका आनंद झाला की डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

तो बुधवार होता. घरी आल्यावर मी ते कातडं कोमट पाण्यात भिजवलं आणि साबणानं आतबाहेर स्वच्छ धुतलं. आत वर्षानुवर्षांचं तेलकट काहीतरी होतं, तेही खरवडून काढलं. भोकाला आतून बकरीच्याच कातड्याचा तुकडा लावून बारीक टाक्यांनी शिवला. मग चिंध्या कोंबून, पाय ताणून, बाल्कनीत कडक उन्हात वाळत घातलं. हे कामावरून यायच्या आत वर चादर टाकायची, गेले की काढायची. शुक्रवारी टिचकी मारून बघितलं तर टणटण वाजलं. आबांनी पाठ थोपटली असती असं वाटलं. शनिवारी सकाळी बसमध्ये चाचांना दिलं. दुपारी त्यांनी फुंकलं, काखेत धरलं, कोपर दाबलं, आणि कातडं मानेपासून पोटापर्यंत भाजक्या पापडासारखं तडकलं.

मी हलगी वाळवली होती. हलगीचं कातडं कोरडं आणि ताठ हवं, तेवढंच मी लहानपणी बघितलेलं. पिशवीला वाकायचं असतं, दबायचं असतं, तिच्या पोटात तेल मुरलेलं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तीस वर्षांत मुरलेलं तेल मी एका दुपारी साबणानं धुऊन टाकलं होतं.

चाचांनी तडकलेलं कातडं परत चादरीत गुंडाळलं. मग म्हणाले, "कोई बात नहीं, बेटी. पुराना था." मला त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शाळेत साफसफाई करणाऱ्या मावशींकडून मला नंतर कळलं की पाच आठवड्यांनी त्यांच्या नातीचं लग्न होतं आणि त्यात ते स्वतः वाजवणार होते. कातडं बनवणारा माणूस त्यांच्या मूळ बंदरावर होता, तो मेला होता. जवान पोरं गाडीच्या ट्यूबची पिशवी करतात, ती चाचांना चालत नव्हती. "ट्यूब पानी नहीं पीती. फूँक का सब पानी पाइप में जाता है, सुर बैठ जाता है," असं ते सांगत.

पुढच्या शुक्रवारी मी गावी फोन लावला. आमच्याकडे फोन नव्हता, स्टँडवरच्या बूथवाल्याला आधी निरोप द्यायचा, मग आबा येऊन थांबायचे. मी झालं ते सगळं सांगितलं. पलीकडून आबा एवढंच म्हणाले, "एवढ्या लांब जाऊन कातडंच धरलंस व्हय गं?" मला वाटलं लाइन गेली. मग एकदम त्यांचा आवाज बदलला. "पुसलंस कुणाला? ती पखाल हाय, हलगी न्हवं. पखालीला ऊन दाखवत्यात का कधी?" आणि पुढं दहा मिनिटं ते न थांबता बोलत होते. कातडं कसं काढून घ्यायचं, चुन्यात किती दिवस, केस कुठल्या बाजूनं निघतात, साल कशी उकळायची, तेल कधी लावायचं. आज्जानं त्यांना शिकवलेलं आणि त्यांनी कधीच न वापरलेलं सगळं. आबांना कुणी एवढा वेळ ऐकून घेतलेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी फोनच्या बिलामागे लिहून घेत होते.

चाचांनी कत्तलखान्यात ओळखीच्या पठाणाला सांगून कातडं मिळवलं, पोट न फाडता, पायमोजा उलटा काढावा तसं काढलेलं. आता ते भिजवायचं कुठं? आमच्या फ्लॅटमध्ये एक बाथटब होता. आम्ही त्यात बादली ठेवून तांब्यानं आंघोळ करायचो, म्हणजे तो टब म्हणून कधी कामाला आलाच नव्हता. बादली बाहेर काढली आणि टबात चुन्याचं पाणी केलं.

संध्याकाळी हे घरी आले, हात धुवायला बाथरूममध्ये गेले, आणि तसेच बाहेर आले. खूप हळू आवाजात म्हणाले, "ह्याच्यासाठी मी तुला इथं आणलं?" मी म्हटलं, "चाचांचं काम बिघडवलंय मी. निस्तरायला नको?" त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. ह्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. लहानपणी शाळेत ज्याच्या बाकावर कुणी बसायचं नाही, त्या माणसाच्या परदेशातल्या बाथरूममध्ये मी कातडं आणून ठेवलं होतं.

तिसऱ्या दिवशी वास जिन्यात गेला. शेजारच्या वहिनी, ह्यांच्या ऑफिसातल्या साहेबांच्या मिसेस, दारात आल्या. पुण्याच्या, स्वभावानं चांगल्या. "अगं, तुमच्याकडे काही मेलंबिलंय का? वॉचमनला बोलवू?" म्हणाल्या. सांगायला पुष्कळ होतं. ड्रेनेज तुंबलंय म्हणता आलं असतं, सुकी मासळी म्हणता आलं असतं. हे आतल्या खोलीतून ऐकत होते, मला ते न दिसताही कळत होतं. मी म्हटलं, "वहिनी, बकरीचं कातडं भिजत घातलंय. एका वाद्यासाठी कमावतेय. माझ्या वडिलांचं हेच काम आहे, त्यांच्या वडिलांचंही हेच."

त्यांनी "अच्छा, अच्छा" केलं. दोनदा. मग गॅसवर काहीतरी आहे म्हणून गेल्या.

दार लावून मी वळले तर हे मधल्या दारात उभे. कपडे केले आणि बाहेर गेले. दोन तासांनी परत आले ते हातात कागदाची पुडी घेऊन. ओट्यावर ठेवली. मी उघडली तर हिरडा. आबांनी फोनवर सांगितलेला, सालीऐवजी चाचांनी आणलेल्या काटेरी झाडाच्या शेंगांबरोबर उकळायला लागणारा. मी तो दोन दिवस शोधत होते आणि मिळत नव्हता. "कुठं मिळाला?" विचारलं तर म्हणाले, "जुन्या बाजारात, इराण्याकडं. कुटून घालायचा, अख्खा नाही. माझा आज्जा कुटून घालायचा." ह्यांच्या आज्जाचं नाव सोडून मला तोवर काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी रात्रीचं जेवण होईपर्यंत मला सगळा आज्जा कळला.

मग दोघांनी मिळून केलं. बोथट सुरीनं खरवडलं, शेंगा-हिरड्याच्या पाण्यानं कातडं पखालीसारखं भरून टांगलं, रोज पाणी बदललं. करंजेल मिळेना, तर एरंडेल चोळलं, सावलीत, हातानं, मऊ पडेपर्यंत. आमच्या हातांना महिनाभर वास होता. स्नेहा म्हणायची, "यू बोथ आर डिस्गस्टिंग," आणि शेजारी बसून बघायची. शेवटी नळ्या बसवून गाठी मारल्या. चाचांनी पिशवी हातात घेतली, दाबली, वास घेतला. त्यांची आई असल्याच कातड्यातून विहिरीचं पाणी आणायची, ते त्यांना आठवलं. "माँ की पीठ ऐसी महकती थी," म्हणाले आणि बस सुरू करायचं विसरून बसले.

लग्न शहराबाहेर बनियासला होतं. आम्हाला तिघांना बोलावणं. हे पुरुषांच्या बाजूला, मी आणि स्नेहा बायकांच्या तंबूत. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाली आणि पलीकडे हबान सुरू झाला. कनातीमुळे काही दिसत नव्हतं. नुसता आवाज, ढोल आणि पुरुषांच्या पायांची माती दाबल्याची धप धप. नवरी मुलीनं मेंदीचा हात माझ्या हातावर ठेवला. ह्यांनी नंतर सांगितलं की कुणीतरी रांगेत ओढल्यावर ते तासभर नाचले. आमचे हे, जे गावच्या मिरवणुकीत हलगी वाजली की रस्ता बदलायचे.

त्या वर्षी वहिनींकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. पुढच्या वर्षी आलं, आणि मी गेले. एकीनं वडिलांचा बिझनेस कसा चाललाय विचारलं. मी म्हटलं, कातड्याचं काम आता गावात फारसं उरलं नाही. ह्यांना ऑफिसात कुणी काही बोललं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आता आम्ही खलिफा सिटीत एका व्हिलाच्या मागच्या भागात राहतो, अंगण आहे, कातडं बाहेर भिजवता येतं. चाचांनी बस सोडली. आबा दोन हजार दोन साली गेले. मी पोचेपर्यंत सगळं झालं होतं.

आबांचं एक पत्र माझ्याकडे आहे, म्हणजे त्यांनी सांगितलेलं, भावानं लिहिलेलं. लग्नात ह्यांनी खिशातल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर अर्धा तास वाजवणं टेप केलं होतं. सुट्टीवर जाणाऱ्या एकाबरोबर मी ती कॅसेट गावी धाडली. आबा काय म्हणतात याची मी वाट बघत होते. कौतुक करतील, निदान बरं जमलं म्हणतील. इथं सगळ्यांनी केलं होतं. महिन्यानं भावाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "आबांनी कॅसेट तीनदा ऐकली. गाण्याचं काही बोलले नाहीत. म्हणतात, फुंकून झालं की लगेच बारीक फुस्स येतंय. फुंकायच्या नळीची गाठ ढिली आहे. तिला म्हणावं सोड, दोरा ओला कर आणि परत बांध."

मी चिडले. नंतर शनिवारी बसमध्ये चाचांकडून हबान घेतला, फुगवला, फुंकायच्या नळीपाशी साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला. चाचांकडे बघितलं, तर ते खिडकीबाहेर बघत होते. "मालूम था, बेटी," म्हणाले. "तूने इतनी मेहनत की थी. कैसे बोलता?"

समुद्राकाठी बस उभी होती आणि मी सीटवर बसून रडले. चाचांनी मला पाहुणीसारखं सांभाळून घेतलं होतं. वहिनींनीही त्यांच्या परीनं सांभाळूनच घेतलं होतं. इथं सगळेच एकमेकांना सांभाळून घेतात, त्याशिवाय परक्या मुलखात दिवस जात नाहीत. अडीच हजार किलोमीटरवरून माझी ढिली गाठ ऐकून, न लाजता तोंडावर सांगणारा माणूस एकच होता.

घर कुठलं म्हणून मला आता कुणी विचारलं तर मी गावाचं नाव सांगते, बापाचं काम सांगते. पण आबा गेल्यानंतर मी दोन हबान बांधले. दोन्ही वेळा वाजवून टेप केले आणि दार लावून एकटी ऐकत बसले. सूर ऐकायला नाही. फुस्स ऐकायला. दुसऱ्यात ऐकू आली. तेव्हा घरी आल्यासारखं वाटलं. उठले, गाठ सोडली, दोरा ओला केला आणि परत बांधली.